कौल

मी खाली उभी राहून अंगठ्यांनी वर चढते.
शिडी गाडीच्या टपावर बांधलेलीच असते;
गेली तीन वर्षं तिचं काम एवढंच,
वळणावर खडखडायचं.

वेल्सच्या या गावात कौलं नाहीत.
घरांवर पाट्या आहेत,
समोरच्याच डोंगराच्या पोटातून काढलेल्या, काळ्यानिळ्या,
पाऊस रोज पुसतो आणि रोज पुन्हा कोऱ्या ठेवून जातो.

घर घेणारे बर्मिंगहॅमला. कियरा आणि तिचा नवरा.
त्यांनी ते एकदाच पाहिलंय, नेमकं ऊन होतं तेव्हा.
"कुठे पाणी मुरत नाहीये ना, एवढंच सांगा,"
कियरा फोनवर म्हणाली.

विकणारे इड्वल प्रिदर्च, वय एक्क्याऐंशी.
दारात चहाचा मग धरून
माझ्या चार पंखांच्या यंत्राकडे असे बघतात
जसं दोन दिवस उशिरा आलेल्या प्लंबरकडे बघावं.

बॅटरी तेवीस मिनिटं. वारा त्याहून कमी वेळ गप्प बसणार.
धुराड्याच्या तोंडाशी कावळ्यांच्या काटक्या. फोटो.
पन्हळीत शेवाळ, टेनिसचा चेंडू. फोटो.
शिशाची पट्टी उचकटलेली. फोटो.
आणि उतारावर इथेतिथे घसरलेल्या पाट्या,
शेवटच्या तासाला वर्गात माना टाकतात तशा.
पाट्या धडधाकट आहेत. खिळे गेलेत.
आमच्यात म्हणतात, छपराला खिळ्यांचा आजार झालाय.

"मला बघता येईल?"
पडद्यावर उजेड पडू नये म्हणून मी कोटाची एक बाजू वर धरली,
आणि त्या वीतभर अंधारात आम्ही दोघं वाकलो.
"ह्याच्यावरून मी गुडघ्यांनी चाललोय," ते म्हणाले.
"त्रेपन्न वर्षं. पण असं अख्खं कधी पाहिलं नव्हतं."

मग बोट. नखाच्या कडेला अजून खाणीची रेघ.
"ती जांभळी. आढ्यापासून तिसरी ओळ."
निळ्यांच्या गर्दीत एकच जांभळी पाटी, किंचित तिरकी.
"चौऱ्याहत्तरचा जानेवारी. निळी मिळेना.
मेन्नाने शिडी धरली होती, सातवा महिना तिला,
खालून शिव्या घालत होती,
वाऱ्याने सगळ्या शेजाऱ्यांकडे नेल्या."
थांबले.
"ठोकण्याआधी खालच्या अंगावर खिळ्याने काहीतरी लिहिलं."

काय?

त्यांनी चहाचा घोट घेतला. गार झाला असणार.

मी यंत्र आणखी खाली आणलं, हातभर अंतरावर.
शेवाळाचे ठिपके मोजता येत होते,
खिळ्याभोवतीचा गंज, कुण्या गोगलगाईची वाट.
एवढा जवळ डोळा नेला
आणि पाटी आपली पालथीच.

"पोरी, तुझ्या पाखराने काय कौल दिला?"
यंत्र गवतावर उतरताना त्यांनी विचारलं.
"खिळे," मी म्हणाले.
"खिळे," ते म्हणाले. "ते मला ठाऊक होतं."
आणि मग आत गेले, डबा घेऊन आले,
दोन बिस्किटं माझ्या हातावर ठेवली.

संध्याकाळी गाडीत बसून अहवाल.
छप्पर: श्रेणी तीन. सर्व पाट्या उतरवून
नव्या खिळ्यांनी पुन्हा बसवाव्यात.
खर्चाचा आकडा लिहिताना हात अडखळला नाही.
पैसे कियरा मोजणार आहे; तिला खरं कळायला हवं.
घराची किंमत पडेल. पडू दे म्हणायला
ते घर माझं नाही, एवढं मला कळतं.

'इतर सूचना' या चौकटीत लिहिलं:
आढ्यापासून तिसऱ्या ओळीतली जांभळी पाटी जपून काढावी.
उलटी करून वाचू नये.
मूळ मालकांना परत द्यावी.

ऑफिसात ग्रिफिद हे खोडणार.
सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर, म्हणेल.
मधलं वाक्य मीच खोडलं.
बाकीची दोन त्याच्यासाठी ठेवली.